सहा प्रश्न आणि एक कोरा रकाना

परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे निरोपाआधी प्रश्नांची शिदोरी मिळते. तिथे खाणार काय, राहणार कोणाकडे, पैसे पुरतील का, सोबतीला कोण, काही बरेवाईट झाले तर धावून कोण येणार? काही प्रश्न काळजीपोटी येतात, काही नुसत्या चौकशीपोटी, आणि काहींच्या पोटात तू जाऊच नयेस ही इच्छा दडलेली असते. जाणारा बहुधा हसून वेळ मारून नेतो. एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी कल्याणच्या एका मुलीने मात्र वेळ मारून नेली नाही. लोक विचारत होते ते सगळे तिने गोळा केले, त्याचे सहा प्रश्न बनवले आणि भरसभेत उभे राहून एकेकाचे उत्तर दिले.

तारीख होती २४ फेब्रुवारी १८८३. ठिकाण, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी असलेल्या श्रीरामपूरच्या कॉलेजचे सभागृह. वक्त्या आनंदीबाई जोशी. वयाची अठरा वर्षे पुरी व्हायला अजून महिनाभर अवकाश होता. भाषण इंग्रजीत होते आणि विषय होता, मी अमेरिकेला का जाते. पुढे काय झाले ते मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि तीन-साडेतीन महिन्यांत गेल्या. श्री. ज. जोशी यांच्या आनंदी गोपाळ या कादंबरीने १९६८ पासून ही कथा घराघरांत नेली, अंजली कीर्तने यांनी कष्टाने चरित्र सिद्ध केले, २०१९ साली चित्रपटही आला. मग मी आणखी काय सांगणार?

मी सांगणार आहे ते माझ्या जुन्या टेबलावरून. लेखक म्हणून थोडेफार नाव झाले असले तरी माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, तीही बरीचशी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या शाखांतून. परदेशी शिक्षणासाठी कर्ज मागायला येणारी मुले आणि त्यांच्या शेजारी फाइल छातीशी धरून बसलेले आईवडील मी पुष्कळ पाहिले. कर्ज देण्याआधी बँकेचा अधिकारी एक टिपण लिहितो. हेतू काय, खर्च किती, स्वतःचे किती घालणार, तारण काय, जामीन कोण, आणि सगळे फसले तर काय. आनंदीबाईंचे ते भाषण वाचले, तेव्हा मला प्रथम त्यातले वक्तृत्व दिसलेच नाही. मला दिसले ते एक चोख टिपण. जोखमीचा असा हिशेब अठरा वर्षांच्या मुलीने मांडावा, याचे नवल अजून ओसरलेले नाही. आणि त्या टिपणात एक रकाना कोरा राहिला, याची हळहळही गेलेली नाही.

पण आधी कल्याणला जाऊ या.

मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि वर्षभराने, मे १८५४ मध्ये, ती कल्याणला पोहोचली. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी गणपतराव आणि गंगाबाई जोशी यांना मुलगी झाली. नाव ठेवले यमुना. जोशी मंडळी कल्याणची, एके काळची जमीनदार, पण आता ओढगस्तीत आलेली. म्हणजे घराजवळून जगाकडे जाणारा लोखंडी रस्ता तयार झाला होता. पण घरातल्या मुलीचा रस्ता माजघरातून स्वयंपाकघरापर्यंतच होता. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळ विनायक जोशी, पोस्टातला कारकून, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे विक्षिप्त गृहस्थ होते आणि बायकोला शिकवायचे या एका वेडाने झपाटलेले होते. त्या काळी बायको स्वयंपाक सोडून वाचत बसली म्हणून तिला मारणारे नवरे होते; हे गृहस्थ ती वाचन सोडून स्वयंपाकात रमली म्हणून मारणारे होते. हा विनोद नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरीने तो मार खाल्लेला आहे, आणि पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने त्याची आठवणही करून दिलेली आहे. आनंदीबाईंच्या थोरवीचा पाया गोपाळरावांनी घातला हे जितके खरे, तितकेच त्या पायात काय काय पुरले गेले हेही खरे.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळू शकली नाही. पुरुष डॉक्टरला बाईने नाडी दाखवणेही जिथे अवघड, तिथे बाळंतीण आणि तान्हे मूल यांना सुईणीच्या हाताचा आणि देवाच्या दयेचाच आधार असे. त्या दहा दिवसांनी आनंदीबाईंच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरवली. परदेशप्रवासाच्या धोक्यांबद्दल त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांना ही गोष्ट उमगलेली नव्हती. घर ही सुरक्षित जागा आहे असे ते धरून चालले होते. आनंदीबाईंना ते तसे धरून चालता येत नव्हते. घरात काय होते ते त्यांनी पाहिले होते.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि मग थेट बंगाल. कोल्हापुरात असताना १८७८ साली गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, मला तिथे काही काम मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. उत्तर आले ते ख्रिस्ती होण्याचा सल्ला देणारे. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला आणि तो विषय तिथेच संपायचा. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले. बघता बघता पत्रांची ये-जा सुरू झाली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

इथे बँकवाल्याला थांबावेसे वाटते. आज परदेशातल्या ओळखीचा भरवसा आपण फोनवरच्या चार गोड वाक्यांवर ठेवतो. आनंदीबाई आणि कार्पेंटरबाई यांच्यात जवळजवळ तीन वर्षे पत्रे चालली होती. रीतिरिवाज, सणवार, खाणेपिणे, आजारपण, धर्म, सगळे त्यात आले. प्रत्येक पत्राला समुद्रापार जायला आठवड्यांमागून आठवडे लागत. म्हणजे प्रवासाला निघण्याआधी पलीकडच्या किनाऱ्यावर आपले माणूस उभे आहे आणि ते कसे आहे, याची पुरेपूर खातरजमा झालेली होती. परदेशी जाणाऱ्याच्या टिपणात जामीनदाराचा रकाना असतो तो हा. आनंदीबाईंइतका भक्कम जामीनदार मी माझ्या टेबलावर क्वचितच पाहिला.

आता ते सहा प्रश्न. अमेरिकेला का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? काही संकट ओढवले तर काय करशील? आणि आजवर कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस?

आनंदीबाईंची उत्तरे ठाम होती. या देशात स्त्री-डॉक्टरांची फार गरज आहे, आणि ती भागवण्यासाठी मी तयार होऊ इच्छिते. मद्रासेत एक कॉलेज आहे, इतरत्र सुईणीच्या कामाचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरे आहे. शिवाय जी ख्रिस्ती नाही, ब्राह्मो नाही, अशा हिंदू बाईला इथे शिकताना रस्त्यावर काय सोसावे लागते ते त्यांनी सभेपुढे उघड सांगितले. मुंबईत पुस्तके हाती घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकावत, रस्त्यात उभे राहून हसत, पायात बूट आणि मोजे घालून ही कोण बाई चालली म्हणून ऐकू जाईल अशा आवाजात शेरे मारत. बंगालात नवऱ्याबरोबर पायी फिरायला निघाले तरी तीच तऱ्हा. ज्या सभेला परदेशातल्या रस्त्यांची भीती वाटत होती, तिला त्यांनी स्वदेशातला रस्ता दाखवला.

हेच त्या भाषणाचे मर्म आहे असे मला वाटते. जोखमीचा हिशेब दोन बाजूंचा असतो. जाण्यात काय धोका आहे हे डाव्या बाजूला लिहायचे, तर न जाण्यात काय धोका आहे हे उजव्या बाजूला लिहावेच लागते. आपण बहुतेक जण एकच बाजू लिहितो. धाडसी मुलगा उजवी बाजू लिहितो, घाबरट बाप डावी लिहितो, आणि दोघे आपापला कागद फडकावत भांडतात. आनंदीबाईंनी दोन्ही बाजू एकाच कागदावर लिहिल्या.

एकटी का, याचे उत्तर व्यवहाराचे होते. दोघांनी जायचा विचार आधी होता. पण नवऱ्यावर म्हाताऱ्या आईवडिलांचा आणि धाकट्या भावंडांचा भार होता, दोघे गेले तर त्यांना कोण बघणार? वाळीत टाकण्याबद्दल त्यांनी सांगितले की मी हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणून राहणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. आहार-पोशाख बदलणार नाही. आणि कोणाला मला वाळीत टाकायचेच असेल तर थांबता कशाला, आताच टाका. संकटांबद्दल म्हणाल तर ती माणसाला कुठेही गाठतात, घरी बसलेल्यालाही गाठतात, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर असे की समाजाचे प्रत्येकाकडे काही देणे असते. इतरांनी फेडले नाही म्हणून मी फेडू नये असे होत नाही.

टाळ्या पडल्या. देशभर गाजावाजा झाला, ठिकठिकाणांहून मदत आली. अंगावरच्या सोन्याचेही पैसे झाले. पण त्या सहा प्रश्नांत एक प्रश्न नव्हता. तुझी तब्येत कशी आहे, हे कोणी विचारलेच नाही.

तब्येत बरी नव्हती. कलकत्त्याला आल्यापासून आनंदीबाईंना अशक्तपणा होता, डोके सतत दुखे, मधूनमधून ताप येई, कधी धाप लागे. कार्पेंटरबाईंना हे पत्रांतून कळलेले होते. त्यांनी अमेरिकेतून औषधेही पाठवली, गुण आला नाही. म्हणजे नवऱ्याला ठाऊक, मावशीला ठाऊक, खुद्द आनंदीबाईंना ठाऊक. तरीही टिपणात ती नोंद झाली नाही. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. बाईमाणसाचे डोके दुखणे, तिला थकवा येणे, ही आपल्या घरांत नोंद घ्यायची गोष्टच नव्हती. अजूनही पुष्कळ घरांत नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी सिटी ऑफ कलकत्ता ही आगबोट कलकत्त्याहून निघाली. सोबतीला ओळखीने मिळालेल्या मिशनरी बायका होत्या. नातलग एकही नव्हता. पासपोर्ट आणि व्हिसाची आजची व्यवस्था पहिल्या महायुद्धानंतर रुळली, तेव्हा त्या कटकटी नव्हत्या. पण बोटीवर बिनतारी संदेश नव्हता. समुद्रात काही झाले तर पुढच्या बंदरापर्यंत जगाला पत्ता लागायचा नाही. साथींचे तर विचारूच नका. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इजिप्तमध्ये पटकीने थैमान घातले आणि तिचे कारण शोधायला रॉबर्ट कॉख आधी इजिप्तला आणि मग कलकत्त्याला आले. ज्या शहरातून आनंदीबाई निघाल्या होत्या तेच हे शहर. मांसाहार वर्ज्य असल्यामुळे बोटीवर त्यांच्या जेवणाचे हाल झाले. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा निघाल्यापासून अठ्ठावन्न दिवस झाले होते. आज मुंबईहून निघालेले विमान सोळा-एक तासांत तिथे पोहोचते. धक्क्यावर कार्पेंटरमावशी उभ्या होत्या. जामीनदार खरा निघाला.

तो उन्हाळा रोझेलमध्ये मायेत गेला. शरद ऋतूत आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. डीन रेचल बॉडली या बाईंनी त्यांना सांभाळून घेतले, कॉलेजने शिष्यवृत्ती दिली. आणि मग पहिला हिवाळा आला.

कल्याणच्या खाडीकाठच्या दमट उन्हात वाढलेला देह, शाकाहार, आणि नऊवारी लुगडे. नऊवारीत पोटऱ्या आणि घोटे उघडे राहतात. पाय झाकले जावेत म्हणून त्या पुढे गुजराती पद्धतीने पाचवारी नेसू लागल्या. पोशाख बदलणार नाही, हे वचन त्या भरसभेत देऊन आल्या होत्या, त्यामुळे या एवढ्याशा फरकाचाही त्यांनी फार विचार केला. जातीच्या बहिष्काराचा धोका टाळण्यासाठी दिलेले वचन थंडीच्या धोक्याला वाट करून देत होते. एका जोखमीवर काढलेला उपाय दुसरी जोखीम वाढवतो, हे मी बँकेत अनेकदा पाहिले आहे. पण त्याचे इतके चटका लावणारे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

त्या हवेत आणि त्या अन्नावर प्रकृती ढासळत गेली. क्षयाने धरले. त्या रोगाचे जंतू कॉख यांनी नुकतेच, म्हणजे १८८२ साली, शोधून काढले होते. त्यावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४३ उजाडावे लागले. डॉक्टरकी शिकणाऱ्या या मुलीला आपल्या रोगाची माहिती जगातल्या उत्तम शिक्षकांकडून मिळू शकत होती. औषध मात्र कोणाकडेच नव्हते.

तरी त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. १८८५ साली अमेरिकेत येऊन पोहोचलेले गोपाळराव त्या वेळी जवळ होते, आणि इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम समारंभाला आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या कक्षाची प्रमुख म्हणून नेमणूक देऊ केली. टिपणातला हेतू साध्य झाला होता.

पण बँकेचा माणूस विचारतो, कर्ज परत आले का? प्रवास पोहोचल्यावर संपत नाही, परतल्यावर संपतो. नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईला उतरल्या त्या आजारीच होत्या. परतीच्या लांब प्रवासाने उरलीसुरली ताकदही गेली होती. ज्या लोकांनी वाळीत टाकण्याची भीती घातली होती त्यांच्यापैकी पुष्कळांनी त्यांचे कौतुकाने स्वागत केले. ज्याची सगळ्यात जास्त धास्ती घेतली तो धोका असा विरघळून गेला, आणि जो कोणी मोजला नाही तो त्यांना घेऊन गेला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंनी देह ठेवला. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरच्या इस्पितळात एकही रुग्ण त्यांच्या हाती लागला नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिला विसावा मिळाला.

मग जाण्यात चूक झाली का? हा प्रश्न मला अनेक वाचक विचारतात, विशेषतः मुलींचे वडील. त्याच सुमारास कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात स्त्रियांना प्रवेश मिळू लागला आणि कादंबिनी गांगुली यांनी १८८६ सालीच तिथून पदवी मिळवली, असे दाखलेही लोक देतात. खरे आहे. पण निघताना ते दार बंद होते, आणि उघडेल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. निर्णयाची पारख त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर करायची असते, निकालावर नाही. बुडालेले प्रत्येक कर्ज चुकीने दिलेले नसते आणि फिटलेले प्रत्येक कर्ज शहाणपणाने दिलेले नसते. आनंदीबाई गेल्या हे योग्यच झाले. रखमाबाई काही वर्षांनी लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या, तोवर मराठी बाईने समुद्र ओलांडून डॉक्टर होणे ही न ऐकलेली गोष्ट उरली नव्हती. माझी तक्रार एवढीच, की जाणाऱ्या त्या देहाची वेळीच कोणी नोंद घ्यायला हवी होती. थोडे थांबून, बरे होऊन, उबदार कपड्यांचे आणि जेवणाचे वचन आधी स्वतःला देऊन त्या गेल्या असत्या, तर कदाचित कोल्हापूरला पोहोचल्या असत्या. कदाचितच, कारण औषध तर नव्हतेच.

आता आपल्या घराकडे वळू. आनंदीबाईंनी भाषण केले ती २४ फेब्रुवारी, आणि युक्रेनवर रशियाने हल्ला केला तीही २४ फेब्रुवारी, साल २०२२. आनंदीबाई गेल्या ती २६ फेब्रुवारी, आणि बुखारेस्टहून २१९ भारतीयांना घेऊन पहिले विमान मुंबईत उतरले तेही २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी. तारखांचा हा नुसता योगायोग. पण युद्धात अडकलेली ही मुले बहुतेक वैद्यकीयच शिकायला गेलेली होती, हा योगायोग नाही. डॉक्टर होण्यासाठी आजही आपल्या मुलांना समुद्र ओलांडावा लागतो. कीवमधल्या आपल्या वकिलातीने १५ फेब्रुवारीलाच सूचना काढली होती की ज्यांचे राहणे निकडीचे नाही त्यांनी तूर्त देश सोडावा. अनेक मुले थांबली. वर्ग चालू होते, हजेरी बुडाली असती, तिकिटे महागली होती. त्यांना दोष द्यायचा नाही. दोन्ही बाजू लिहिण्याची वेळ संकट दारात आल्यावर येऊ नये, एवढेच सांगायचे आहे. काय घडले तर आपण निघायचे, हे निघण्यापूर्वीच घरात बसून ठरवून ठेवावे आणि लिहून ठेवावे.

परदेशी जाणाऱ्याने आपले नाव-पत्ता तिथल्या भारतीय वकिलातीत नोंदवावा. परराष्ट्र खात्याची सल्लापत्रके वाचावीत. अडचणीची तक्रार नोंदवायला २०१५ पासून मदद नावाची सरकारी सोय आहे, ती माहीत असावी. नोकरीसाठी नेणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे का ते तपासावे. थायलंडमध्ये संगणकावरचे काम म्हणून बोलावून म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेली आपली मुले गेल्या काही वर्षांत सोडवून आणावी लागली. वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्याने २०२१ च्या नियमांप्रमाणे चोपन्न महिन्यांचा अभ्यासक्रम, बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि इंग्रजी माध्यम, हे तिथे आहे की नाही ते आधी पाहावे. हे सगळे आनंदीबाईंच्या सहा प्रश्नांचेच आजचे रूप आहे, आणि आपली शहाणी घरे ते विचारतातही.

पण विम्याचा अर्ज समोर आला की काय होते, ते मी टेबलाच्या पलीकडून कित्येक वेळा पाहिले आहे. प्रवासविम्याच्या अर्जात पूर्वीपासूनच्या आजाराचा एक रकाना असतो. मुलगा बापाकडे बघतो, बाप आईकडे. दमा आहे, पण आता बरा आहे. गोळी चालू आहे, पण एकच. मध्यंतरी मुलगी फार उदास होती, पण ते कशाला लिहायचे? रकान्यात नाही असा शब्द पडतो, किंवा एक तिरपी रेघ. बहुतेक साध्या पॉलिसींत लपवलेल्या आजाराला संरक्षण मिळत नाही, आणि युद्धालाही बहुधा नसते. पण पैशांची गोष्ट एक वेळ सोडा. जे अर्जात लिहिले नाही ते औषध बॅगेत जात नाही, डॉक्टरची चिठ्ठी जात नाही, तिकडच्या मित्राला कल्पना दिली जात नाही. पहिल्या बर्फात दम लागतो तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मुलाला काहीच माहीत नसते.

आपण धोका नेहमी बाहेर शोधतो, परक्या रस्त्यावर, परक्या माणसांत, विमानात, युद्धात. तिथेही तो असतोच. पण कित्येकदा तो आपल्याच उंबऱ्यावरून आपल्याबरोबर निघतो, आणि तो ओळखू शकणारी माणसे तिकडे नसतात, इकडे घरी असतात. आई ओळखते, आजी ओळखते, पाठचा भाऊ ओळखतो. श्रीरामपूरच्या सभेत सहा प्रश्न विचारणारे लोक परके होते. सातवा प्रश्न परके विचारत नाहीत. तो घरच्यांनीच विचारायचा असतो. बॅग भरून झाली, कागद तपासून झाले, डॉलर मोजून झाले, की आजारपणाची मोठमोठी नावे न घेता मुलाला जवळ बसवावे, त्याच्या कपाळावर हात ठेवावा आणि त्याला खरेच बरे वाटते आहे ना, एवढे विचारावे. आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे.